पहिल्या पानावरचं नाव

आमच्या यशदीपला रायपूरजवळच्या नव्या राजधानीत फ्लॅट मिळाला आणि त्याची पहिली नजर गेली माझ्या पुस्तकांवर. तिसरा मजला, दोन खोल्या, आणि आम्ही दोघंही तिकडेच राहायला जाणार. "पापा, ये सब तो मोबाइल में मिल जाता है," म्हणाला. मराठी त्याला कळते, तोंडातून मात्र हिंदीच निघते. मी तापलो. रेल्वेत छत्तीस वर्षं घासून या पोट्ट्याला शिकवलं आणि आता हा मलाच शहाणपण शिकवणार! पण फ्लॅट त्याचा. रागाच्या भरात मी सगळी पुस्तकं विहाराला द्यायचं ठरवलं. विहाराचे पांडुरंगजी संध्याकाळी रिक्षा घेऊन येणार होते.

ही पुस्तकं काही एकदम जमली नव्हती. दर वर्षी अशोक विजयादशमीला आम्ही नवरा-बायको नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो. लोक जत्रेतून खेळणी आणतात, आमची माणसं पुस्तकं आणतात. निवडायचो मी. परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून पिशवी रायपूरपर्यंत सरलाच्या मांडीवर. घरी आलो की पहिल्या पानावर नाव आणि तारीख घालायचो.

गठ्ठे बांधताना सरलाने एक पुस्तक उचलून पदराखाली घेतलं. तिला अक्षरओळख नाही. मी आधीच वैतागलेलो.

"तुले वाचता येत नाही, मंग काहून ठेवून राहिली?"

"तुमी वाचलं, तुमच्या डोक्यात गेलं," ती म्हणाली. "माह्यापाशी तं पुस्तकच हाये."

माझे हात सुतळीवरच थांबले. दर चौदा एप्रिलला मी शिक्षणावर अर्धा तास बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चाळीस वर्षांत या बाईला मी एक पान वाचून दाखवलं नव्हतं. फार लाज वाटली.

तिने पुस्तक पुढे केलं आणि पहिल्या पानावर मी काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. मी वाचलं. हरिदास मेश्राम, नागपूर, खाली तारीख.

"अन् माह्यं नाव?"

प्रत्येक पुस्तकावर आपलंही नाव आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पिशवी तिने सांभाळली होती, तिला तसं वाटणारच. मी खिशातला पेन काढला. तिने माझा हात धरला.

"तुमी नका लिहू. मले शिकवा."

पांडुरंगजी आले तेव्हा ती जुन्या वहीत 'स' गिरवत होती. त्यांना चहा पाजला आणि रिक्षा रिकामी परत पाठवली. यशदीपला सांगून टाकलं, पुस्तकं आमच्याबरोबर येतील. तुझ्या आईला अजून एकशे बारा पुस्तकांच्या पहिल्या पानावर नाव लिहायचं आहे.