जावईबापूंचा सूर

सिद्धाप्पा मुंबईला गेला आणि चौऱ्याहत्तर साली 'सिडनी' असं नाव लावून परत आला. तिथं एका हॉटेलात सॅक्सोफोन वाजवायचा म्हणे. सोल आणि फंक, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. त्या बिचाऱ्यांनी जीव ओतला असेल. यानं त्यातला काळा चष्मा तेवढा उचलला. हॉटेल बंद पडलं, तसा बायकोला घेऊन सोलापुरात सासऱ्याच्या दारात हजर.

सासरा तिप्पण्णा, बँडमास्तर. म्हाताऱ्याची छाती आता साथ देत नव्हती. बँड जावयाच्या हाती दिला तर लेक शिवम्मा उपाशी मरणार नाही, एवढ्या आशेवर तो सगळं गिळत होता. आणि गिळायला काय कमी होतं? "मामा, तुमचे लोक वाजवत नाहीत, भोंगा मारतात. ठेक्याला झोका नाही, ग्रूव्ह नाही!" ग्रूव्ह म्हणे! मिलचा भोंगा निदान वेळेवर तरी वाजतो, हे तिप्पण्णाच्या जिभेवर यायचं. पण जावई पडला दशमग्रह, बोलणार काय?

शेवटी वेळापूरच्या एका पाटलांच्या लेकीच्या लग्नाची सुपारी आली. एवढं नीट पार पाडा, बँड तुमचा, असं तिप्पण्णा बोलून बसला.

मांडवात मंगलाष्टकं चालली होती. शेवटच्या 'सावधान'ला तिप्पण्णानं हात वर करायचा, मग बँड वाजायचा, आणि बँड वाजला की अंतरपाट खाली. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण सिडनीला सॅक्सोफोनच्या तोंडाशी असते ती वेताची पत्ती कोरडी वाटली. त्यानं ती जिभेनं ओली केली आणि एक सूर फुंकून बघितला. लहान नव्हे, चांगला लांबलचक, डोळे मिटून!

झालं! अंतरपाट खाली आला, अक्षता उधळल्या, नवरीनं हार घातलासुद्धा. मुहूर्ताला अजून अवकाश होता. भटजी आ वासून बघत राहिले.

"कुणी वाजवलं रं?" पाटील धावत आले.

तिप्पण्णा पुढं झाला. "माजी चूक, पाटील. मीच हात वर केला." पाटलांनी चारचौघांत म्हाताऱ्याची आयमाय काढली. त्यानं निमूट ऐकून घेतलं, लेकीसाठी.

पाटील वळले, तसा सिडनी सॅक्सोफोन पुसत म्हणाला, "वय झालं मामा तुमचं. असा भलत्या वेळी हात वर करतात का कुणी?"

तिप्पण्णाला राग नाही, किळस आली. त्यानं ढोलवाल्या धोंडीरामला हाक मारली. "धोंड्या, आजपासनं हात तू वर करायचा. बँड तुजा."

मग त्यानं जावयापुढं हात जोडले.

"जावईबापू, तुमी पंगतीला बसा. शिवम्माला मी पोसीन, तुमालाबी पोसीन. पर वाजवू नका."