गाऱ्हाण्यातला गोरा साहेब

महिपत हवालदाराची पहिल्या महायुद्धातली लढाई गावाला तोंडपाठ होती. बसऱ्याला बोटीतून उतरल्यापासून मांडीत गोळी शिरेपर्यंतचा एकेक मुक्काम लोकांना असा माहीत, की हवालदार कुठे घसरला तर म्हातारे त्याला सावरून घ्यायचे. समुद्रकाठच्या बुरोंडीच्या वरच्या अंगाला, कातळावर वसलेलं ते गाव. तिथे दुसरी करमणूक ती काय असणार? संध्याकाळी गावचा मानकरी गुणाजी गावकर याच्या ओटीवर पानाचं तबक फिरायचं आणि हवालदार लंगडा पाय लांब करून तोफा डागायला लागायचा.

गोष्ट रंगात यायची ती त्याच्या जखमेपाशी. मांडी फुटलेली, वर ऊन, खाली वाळू, जीभ टाळ्याला चिकटलेली. "आणि मग कोणीतरी पाणी पाजलंन," असं म्हणून हवालदार सुपारी उचलायचा. कोणी म्हणून कोणी विचारलंच, तर "देवच म्हणायचा," एवढं बोलून तो तडक इस्पितळाच्या बोटीवर जाऊन पडायचा.

तो देव गावाखालच्या महारवाडीत राहत होता. त्याचं नाव आत्माराम.

आत्माराम पलटणीत नव्हता, जखमी उचलणाऱ्या टोळीत होता. टोळी पांगली होती आणि तो एकटाच वाळूतून सरपटत चालला होता. "आये गो, मेलंव गो," हे त्याला ऐकू आलं आणि तो थांबला. इतक्या मुलखात असं रडणारा माणूस आपल्याच बाजूचा, हे त्याने ओळखलं. त्याने महिपतचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपली पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. महिपतने ती निम्मी केली, मग विचारलं, "कंच्या वाडीचा रे दादा तू?"

आत्मारामने खरं ते सांगितलं, तुमच्याच गावाखालच्या महारवाडीचा. महिपतने पुन्हा बाटलीला तोंड लावलं आणि उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. अंधार पडेपर्यंत दोघे एका बांधाआड पडून होते. "दादा, जगलंव तर माझ्या ओटीवर, माझ्या बाजूला बसशील," महिपत म्हणाला. आत्माराम हसला. "आदी जगा तर हवालदार."

दोघेही जगले, इथेच सगळा घोटाळा झाला! मेला असता तर महिपत शब्दाचा पक्का म्हणून मेला असता. गावी आल्यावर आत्माराम पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा महिपतच्या ओटीवर गुणाजी गावकर बसलेला. आत्माराम अंगणाच्या, खळ्याच्या खालीच उभा राहिला, टाचा जुळवून सलाम केला. महिपतच्या ओठांवर 'दादा' आलं होतं. तोंडातून निघालं ते, "काय रे आत्म्या, बरा हायस ना?" ती हाक त्याची त्यालाच चाबकासारखी लागली. पण एकदा पडलेली हाक सुटत नाही. दादाचा आत्म्या झाला तो झालाच.

अशी वर्षं गेली. मग महाडच्या तळ्यावरून घाटाखाली सगळीकडे धुरळा उठला, त्याच्या पुढच्या साली महारवाडीचा झरा माघातच आटला. आत्मारामची बायको जनी आणि वाडीतल्या बायका सकाळपासून महिपतच्या विहिरीपासून चार हात लांब घागरी मांडून बसायच्या. महिपतची बायको तुळसा आपलं पाणी भरून झालं की वरून त्यांच्या घागरीत ओतायची. तुळसा तशी मायाळू. पण तीही कधी दळायला बसायची, कधी शेतावर असायची. मग घागरी उन्हात तापत राहायच्या.

त्याच साली गाऱ्हाणं घालणारा जुना माणूस वारला आणि शिमग्याला सहाणेवर गाऱ्हाणं घालायचा मान गावाने महिपतला दिला. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की एकाने गावाच्या वतीने ग्रामदेव भैरीपुढे बोलायचं आणि प्रत्येक बोलाला सगळ्या गावाने 'होय महाराजा' म्हणायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची चाल. "आणि तुमी लढाईतून वाचलात, तेही घाला त्यात," गुणाजी म्हणाला. "देवाची राखण लोकांना कळूं दे."

दोन दिवसांनी आत्माराम खळ्याखाली येऊन उभा राहिला. ओटीवर दुसरं कोणी नव्हतं.

"हवालदार, आजवर कदी काय मागितलं नाय."

"माग की."

"डोंगरातनं येणाऱ्या वरच्या पऱ्याचं पाणी आंब्याच्या कलमांना जातं, उरलेलं वाया जातं. त्याचा एक पाट आमच्या वाडीकडं वळवूं दे गावानं. आमी मागितलं तर म्हनतील, महाडचं वारं लागलंन. तुमी देवापुढं एकच सांगा, लढाईत पाणी कोणी पाजलंन. देवापुढं बोललेलं गाव मोडायचं नाय, मग पाटाला नाय म्हणायला कोनाची जीभ रेटायची नाय."

महिपतची मान खाली गेली. लाज वाटली ती आत्मारामच्या मागण्याची नाही, त्याला मागावं लागलं याची. "सांगतो," तो म्हणाला. "भैरीची आण, सांगतो."

तुळसाने दाराआडून ऐकलं होतं. आत्माराम दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून गेल्यावर ती बाहेर आली. "पालखी आपल्या खळ्यात येयाची नाय मग. बाटलेल्याच्या घरी देव कसा येईल?"

"देव कशाला अडतो? त्याला सगळं ठावं हाय."

"देवाला ठावं हाय, गावाला नाय," तुळसा म्हणाली. "आणि पालखी गाव उचलतं."

शिमग्याला सहाण माणसांनी फुलली. मुंबईचे चाकरमानीही आलेले. ढोल थांबले. महारवाडीची माणसं त्यांच्या ठरल्या जागी, लांबच्या बांधापाशी. त्यांत आत्माराम सगळ्यांत पुढे, अंगात खाकी कोट, गुंड्या घासून चकचकीत केलेल्या. महिपतचा आवाज पलटणीतला होता, तो लागला.

"बा भैरी महाराजा!"

"होय महाराजा!"

"शिमग्याच्या सणाला तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत महाराजा!"

"होय महाराजा!"

"बसऱ्याच्या लढाईत तुझं लेकरू वाळूत पडलं, पाण्यावाचून जीव चालला, तवां तू त्याची राखण केलीस महाराजा!"

"होय महाराजा!" लोकांच्या अंगावर काटा आला. आपल्या गावचा देव समुद्रापार गेला म्हणजे काय लहान गोष्ट आहे?

आता पुढचा बोल. महिपतने तो रात्रंदिवस घोकला होता. माणसाच्या रूपात आलास, आत्मारामाच्या रूपात आलास, त्याच्या हातून पाणी पाजलंस. त्याने तोंड उघडलं. समोर गुणाजी हात जोडून, कौतुकाने त्याच्याकडे बघत होता. बायकांच्या घोळक्यात तुळसाने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"माणसाच्या रूपात आलास महाराजा," महिपत म्हणाला आणि त्याची जीभ वळली. "गोऱ्या सायबाच्या रूपात आलास, त्याच्या हातानं पाणी पाजलंस महाराजा!"

"होय महाराजा!" सहाण दुमदुमली.

आणि गाव गप्प झाल्यावर, बांधापासून एकट्याचा आवाज आला. खणखणीत.

"होय महाराजा."

महिपतने पुढचे बोल कसे पुरे केले ते त्यालाच ठाऊक. तोफेला न भ्यालेला माणूस सहाणेवर थरथरत होता, आणि गाव म्हणत होतं, हवालदाराच्या अंगात देव आला.

पालखी त्याच्या खळ्यात नाचली. तुळसाने पालखीची ओटी भरली. सण सरल्यावर महिपतने पाखाडीवर आत्मारामला गाठलं. "मला शिवी तरी दे रे. निदान गप ऱ्हायचंस. तू होय कशाला म्हणालास?"

"गाऱ्हाण्याला नाय म्हणायची चाल नाय हवालदार," आत्माराम म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर महिपतला तेवढाच आधार झाला असता. "गाव होय म्हणतं, तर गावातल्या मानसानं होय म्हणायचं. आमीबी गावातलेच ना?" मग सलाम करून तो पाखाडी उतरला. त्या दिवसापासून त्याने पाटाचं नाव काढलं नाही.

खोट्याला पाय नसतात म्हणे. या खोट्याला गावाने पालखीत बसवलं. लोकांना तो बोल इतका आवडला, की पुढच्या साली महिपतने गाळला तर गुणाजीने मागून आठवण केली, "सायब ऱ्हायला, सायब!" दरसाल महिपत गोऱ्या साहेबाला वाळूत उतरवायचा, गाव होय म्हणायचं आणि गावाच्या मागून तो एकटा आवाज यायचा. काही सालं खरं सांगायचं ठरवून तो सहाणेवर चढला. पण आता खरं सांगायचं म्हणजे आधीच्या सगळ्या सालांचं खोटं कबूल करायचं, तेही देवापुढे. पाणी पाजणाऱ्यापेक्षा आपलं तोंडच त्याला प्यारं झालं होतं. हे त्याला कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

एका पावसाळ्यात आत्माराम हिवतापाने गेला. महिपत त्याच्या मयताला गेला नाही. चिखलात पाखाडी उतरवत नाही, असं त्याने तुळसाला सांगितलं. गुणाजीच्या ओटीवर मात्र तो त्याच पायाने गेला.

पुढच्या शिमग्याला तो साहेबाच्या बोलापर्यंत आला. गाव होय म्हणालं. महिपत थांबला. बांधाकडे कान देऊन उभाच राहिला. महारवाडीच्या तरुणांना महाडचं वारं लागलं होतं, त्या साली वाडीतलं कोणी लांबूनही आलं नव्हतं. बांध मोकळा होता.

"म्हणाले की सगळे होय," गुणाजी मागून कुजबुजला. "बोला पुढं."

"सगळे नाय म्हणाले," महिपत म्हणाला. पण ते इतक्या हळू, की देवालाही ऐकू गेलं असेल की नाही कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनी विहिरीपासून चार हात लांब घागर मांडून बसली होती. तुळसा दळत होती. महिपत काठी टेकत स्वतः विहिरीवर गेला. शेजारच्या खळ्यात लोक बसलेले होते, त्यांच्यादेखत त्याने दोर जनीपुढे धरला.

"घे. तूच काढ आजपासून. मी बघतो कोण काय बोलतो ते."

जनी उठली आणि दोन पावलं मागे सरली.

"नको हवालदार. तुमीच वता."

"अगो, घे म्हणतो ना."

"घरधनी जाताना सांगून गेलेत," जनी म्हणाली. "हवालदार भले हायत, पन जीवाला भितात. त्यांना गावापुढं कदी अडचणीत टाकूं नको."

शेजारच्या खळ्यातले लोक वळून बघायला लागले होते. महिपतने दोर आपल्याकडे ओढून घेतला, कळशी भरून वर काढली आणि जनीच्या घागरीत पाणी ओतलं, शिवाशीव होणार नाही इतक्या उंचावरून. निम्मं पाणी बाहेर सांडलं. उरलं तेवढं घेऊन जनी पाखाडी उतरली.