सगीरा डॉक्टरांची पोटात उतरणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. गडावरून लांबचे दाखवणारी नव्हे बरं का! मी काळी, लवचीक, बोटाएवढी जाड नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. मला पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो. पण पोटातले ओठावर येत नसेल, तर मलाच घशातून खाली उतरावे लागते ना!

कारखान्यातून मी थेट छत्रपती संभाजीनगरला, डॉ. सगीरा यांच्या हाती आले. अन्ननलिका आणि जठर यांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करणे हे त्यांचे काम. रोगी इतक्या उशिरा का येतात, हे शोधण्याचा त्यांना ध्यास होता. "जेवण जातं का?" असे विचारले की सगळे म्हणत, "जातं की!" कारण घास अडकू लागला की इथली माणसे गुपचूप भाकरी दुधात कुस्करून खातात. वर्षानुवर्षे रोग्यांशी बोलून बाईंनी हे हुडकून काढले. मग गावोगावच्या शिबिरांत त्या विचारू लागल्या, "कोरडी भाकरी उतरते का?"

देवगाव रंगारीच्या शिबिरात चतुराबाईंनी या प्रश्नावर मान खाली घातली. त्यांचे यजमान पुंडलिकराव मात्र हसले. "ठसका लागतो तिला, पण ते काय नाय. पुण्याची लेक आठवण काढती."

"लेकीला फोन करा, पण यांना उद्या दवाखान्यात आणाच," डॉक्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी चतुराबाईंच्या अन्ननलिकेत उतरले, तर वाटेत गाठ! मला फार वाईट वाटले. गाठीसकट अन्ननलिका काढली, की तिच्या जागी जठराचीच नळी करून वर जोडतात. त्यासाठी जठर निरोगी हवे. ते पाहायचे, तर त्या चिंचोळ्या वाटेतून मला पलीकडे जायला हवे! "सरक, माझे बाई, सरक!" डॉक्टर मलाच विनवत होत्या. मी अंग चोरले, हळूच वळले आणि सुळकन पलीकडे! समोर गुलाबी, स्वच्छ जठर! आनंदाने ओरडावेसे वाटले हो!

पुढच्या तपासण्यांतही रोग पसरलेला दिसला नाही. आधी औषधे, मग शस्त्रक्रिया झाली आणि चतुराबाई बऱ्या होऊन घरी गेल्या.

पुढे नवी, झकपक दुर्बीण आली. मी कपाटात पडले. कोणी विचारीना.

परवा कपाटाबाहेर ओळखीचा आवाज आला. चतुराबाई शेजारणीला, दगडाबाईंना, मनगट धरून घेऊन आल्या होत्या. "डॉक्टर, ही बी भाकरी कुस्करून खाती अन् लपवती! धरूनच आणली."

दगडाबाई नव्या दुर्बिणीकडे पाहून मागे सरकल्या. "मला ही नगं. हिनं गिळली तीच घाला!"

डॉक्टर खळखळून हसल्या. मला बाहेर काढले, तपासले, निर्जंतुक केले, दिवा लावला. अहाहा, पुन्हा कामाला!

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी घास अडकल्याचे लपवत असेल, तर त्यांना हात धरून दवाखान्यात न्या. माझी भीती वाटलीच, तर खुशाल डोळे मिटू द्या. तोंड तेवढे उघडायला सांगा.