सल्हाखालाचे तीन पिंजरे

मुलांनो, असा एक समुद्र डोळ्यांसमोर आणा, की ज्यात अर्धा तास चालत गेलं तरी पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. लाटा नाहीत, फेस नाही. तळाची वाळू आणि हिरवं गवत स्वच्छ दिसतंय. शेताला कुंपण घालावं तशा खजुरीच्या झावळ्या त्या पाण्यात ओळीने रोवल्या आहेत. आणलात? आता त्यात एक वास मिसळा. सडलेल्या मासळीचा. एक-दोन दिवसांचा नाही, अठरा दिवसांचा. आणि नाक धरू नका बरं का. रिहाबलाही धरता येत नव्हतं. किती वेळ धरणार? तो वास तिच्या वर्गात होता, अंथरुणात होता, पाण्याच्या माठावर झाकण होतं तरी माठातही होता.

रिहाब दहा वर्षांची, केरकेना बेटावरची. तिथे समुद्राची कुंपणं घराण्याघराण्यांत वाटलेली असतात, जशी आपल्याकडे शेतं. ओहोटी लागली की मासे झावळ्यांच्या कडेकडेने सरकत जातात आणि टोकाच्या विणलेल्या पिंजऱ्यात शिरतात. आत जायला वाट आहे, बाहेर यायला नाही. आणि त्या पिंजऱ्याला ना कुलूप, ना राखणदार. दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. मासा उड्या मारताना दिसला तरी लावायचा नाही. बेटावरची माणसं हे मोठ्या अभिमानाने सांगतात.

वास येत होता तो सल्हाखालाच्या तीन पिंजऱ्यांमधून.

सल्हाखाला म्हणजे रिहाबच्या गल्लीतली एकटी राहणारी म्हातारी. पोटापुरती मासळी तिला ते कुंपण द्यायचं, दुसरं काही नव्हतं. रिहाबला पिंजरा विणायला तिनेच शिकवलं होतं. "घट्ट ओढ गं, मासा तुझ्यासारखा बावळट नसतो," असं म्हणत म्हणत. तिसऱ्या पिंजऱ्याचं तोंड रिहाबने विणलेलं, जरा वाकडंच. सल्हाखालाने ते उसवलं नाही. "मासे काय नाक मुरडणार आहेत?" म्हणाली.

मग ती धक्क्यावर घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तिला पलीकडच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्स शहरातल्या दवाखान्यात न्यायला बोटीवर चढवलं, तेव्हा सगळ्या धक्क्यासमोर तिने घराची चावी खमीसच्या हातात दिली. खमीसचं कुंपण तिच्या कुंपणाला लागून. बेटावर चावी देणं म्हणजे पिंजरेही देणं. चावी ज्याच्याकडे त्याने मासळी काढायची, आपल्या दारात आणायची, चार लोकांसमोर मोजायची आणि मालकिणीच्या नातेवाइकांकडे पोचवायची. चावी एकाकडे गेली की बाकी कुणी पिंजऱ्याजवळ फिरकायचं नाही.

"तू निवांत बरी हो खाला," खमीस म्हणाला होता. "तुझं कुंपण ते माझं कुंपण."

आणि अठरा दिवसांत तो एकदाही तिकडे गेला नाही.

"कंबर धरलीय," असं तो कॉफीच्या दुकानात सांगायचा. "उद्या काढतो."

"तुझी कंबर सल्हाच्या कुंपणापाशीच कशी धरते रे?" दुकानवाला तिजानी विचारायचा. "स्वतःची ऑक्टोपस धरायची मडकी ओढताना तर वासरासारखा उड्या मारतोस." लोक हसायचे. पूर्वेचा वारा यायचा, सगळे बाहीत नाक खुपसायचे आणि पुन्हा पत्ते वाटायचे.

पिंजऱ्यात रोज नवे मासे शिरत होते, मरत होते, आधीच्यांवर पडत होते. जाणती माणसं म्हणायची, एकदा का पिंजऱ्याला मढ्याचा वास लागला की बोय मासळी वर्षभर त्या वाटेला जात नाही. सल्हाखाला आठ दिवसांनी परत येणार होती. येऊन खाणार काय?

त्या आठवड्यात मात्र गल्लीत प्रत्येक घरी ऑक्टोपस शिजत होता. खमीसची मडकी अशी कधी भरली नव्हती. ऑक्टोपसला बिळाची हौस. मातीचं मडकं दोरीला बांधून तळाशी सोडलं की तो आपणहून आत जाऊन बसतो. खमीस घरोघरी पाठवत होता. रिहाबच्या घरीही दोन आले, चांगले हाताएवढे. अम्मीने लाल रश्श्यात शिजवून कुसकुसच्या रवाळ भातावर वाढले आणि रिहाबने दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ओहोटी होती. रिहाबने चप्पल काठावर काढली आणि पाण्यातून सल्हाखालाच्या कुंपणाकडे चालत गेली. हात लावायचा नव्हता, फक्त आपलं वाकडं तोंड शाबूत आहे का ते पाहायचं होतं.

पिंजरे अर्धे उघडे पडले होते. जवळ गेल्यावर वास नाकाला येईना, तो जिभेवरच बसला. आत जे होतं त्याला मासे म्हणवत नव्हतं. करड्या लगद्यात डोळ्यांच्या जागी भोकं, आणि त्या लगद्याखाली काहीतरी सारखं वळवळत होतं. पाण्यावर तेलाचा तवंग. पिंजऱ्याच्या काड्यांना बाहेरून खेकडे लटकले होते, एकावर एक, फटीतून नांग्या घालून ओढून ओढून खात होते. शेकड्याने खेकडे. त्यांच्या चावण्याचा बारीक कुरकुर आवाज येत होता.

आणि पिंजऱ्यांभोवती, वाळूत, गोल करून मडकी मांडली होती. प्रत्येकाच्या दोरीला निळी चिंधी. ती खूण खमीसची.

रिहाबला आधी कळेना. मग एका मडक्याच्या तोंडातून एक लांब तपकिरी हात हळूच बाहेर आला, लगदा खाऊन सुस्तावलेल्या खेकड्याला त्याने विळखा घातला आणि आत ओढून नेलं.

मासळीवर खेकडे. खेकड्यांवर ऑक्टोपस. आणि ऑक्टोपसवर... तिला कालचं ताट आठवलं. दोनदा मागून घेतलेलं. ती तिथेच वाकली आणि पोटातलं सगळं पाण्यात गेलं. खेकडे लगेच त्यावरही धावले.

घरी आली तेव्हा बाबा दारात जाळं सांधत होते. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. बाबांनी सुई थांबवली नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे?"

"सगळ्यांनाच माहीत आहे गं. पाण्यात उतरणाऱ्याला दिसतं."

"मग तुम्ही खाल्लंत का?"

"ऑक्टोपस खेकडा खातो, आपण ऑक्टोपस खातो. सडकं कुठे खाल्लं आपण?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "हे बघ, चावी त्याच्याकडे आहे. आपण हात लावला तर उद्या आपल्या पिंजऱ्याला कुणीही लावील. बेटाची अब्रू आहे ती."

"अब्रूला असा वास येतो?"

"तोंड आवर," बाबा म्हणाले. पण चिडून नाही. चिडून म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आत अम्मीचा फोन वाजला. सल्हाखाला होती. अम्मीने फोन कानापासून जरा दूर धरला होता, त्यामुळे म्हातारीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"नजीहा, बोय लागली का गं यंदा? खमीस काढतोय ना?"

अम्मी चुलीपुढे उभी होती. चुलीवर काल उरलेला रस्सा गरम होत होता. तिने त्यात चमचा फिरवला आणि म्हणाली, "हो खाला. सगळं ठीक आहे. तू काळजी नको करूस."

"भला माणूस आहे बिचारा. त्याला माझा दुवा सांग. आणि त्या पोरीला म्हणावं, तिच्या पिंजऱ्यातली बोय मी आल्यावर आपण दोघी मिळून भाजू."

रिहाब फोनकडे धावली, पण अम्मीने "ठेवते हं, दूध उतू जातंय" म्हणून बंद केला. दूध चुलीवर नव्हतंच. मग अम्मीने पदराने उगाचच कपाळ पुसलं आणि ताटं मांडली.

"मला नको," रिहाब म्हणाली.

"मग काय खाशील?"

"पाव."

तिने कोरडा पाव खाल्ला. पावालाही तो वास होताच.

शुक्रवारी सकाळी ओहोटी लागली. कॉफीच्या दुकानाबाहेर माणसं जमली होती, नमाजाला अजून वेळ होता. रिहाबने डोक्याचा रुमाल सोडून नाकातोंडावर बांधला, बाबांची हातगाडी काठावर नेऊन लावली आणि मोठी टोपली उचलली. आधी दुरून कुणाच्या लक्षात आलं नाही. ती पाण्यातून चालत गेली, तिसऱ्या पिंजऱ्यापाशी थांबली. वाकडं तोंड शाबूत होतं. तिने दोन्ही हात आत घातले.

मुलांनो, ते कसं लागलं असेल ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की ती मधे दोनदा थांबली, दोनदा ओकली, आणि तिसऱ्यांदा ओकायला पोटात काही उरलं नव्हतं. खेकड्यांनी तिची बोटं फोडली. तिने पिंजरा टोपलीत मोकळा करून पाण्यात खळखळून धुतला, पालथा घातला, आणि टोपली ओढत काठावर आणली.

हातगाडी गल्लीत शिरली तेव्हा दुकानासमोरचे पत्ते थांबले. माश्यांचा एक काळा ढगच गाडीबरोबर चालला होता. कुणी तरी म्हणालं, "या अल्ला!" कुणी तरी खुर्ची मागे सरकवली. तिजानी हातात कॉफीची किटली घेऊन तसाच उभा राहिला.

रिहाब खमीसच्या दारात थांबली आणि टोपली उंबऱ्यावर उपडी केली. तो लगदा सावकाश पसरला, पायरीवरून खाली आला. खमीस धावत बाहेर आला. कंबर चांगली सरळ होती.

"काय गं ए! काय केलंस हे! दुसऱ्याच्या पिंजऱ्याला हात लावलास?"

"लावला, चाचा."

"लाज नाही वाटत? बेटावर शेकडो वर्षांत कुणी..."

"चावी तुमच्याकडे आहे," रिहाब म्हणाली. रुमालामुळे तिचा आवाज जाड येत होता. "मासळी चावीवाल्याच्या दारात येते. चार लोकांसमोर मोजतात. लोक आहेत. मोजा."

खमीसने लोकांकडे पाहिलं. लोक जमिनीकडे पाहत होते. एकाने घसा खाकरला आणि पत्ते गोळा करायला घेतले.

"फतही!" खमीसने रिहाबच्या बाबांना हाक मारली. "आवर तुझ्या पोरीला!"

बाबा दारातून आले होते. त्यांच्या हातात जाळ्याची सुई होती. त्यांनी उंबऱ्यावर पसरलेलं ते पाहिलं, लेकीच्या हातांवरून ओघळणारं पाहिलं. अम्मी खिडकीत नाकावर पदर धरून उभी होती. तिचे डोळे वासाने पाणावले होते की कशाने, कोण जाणे.

"एक पिंजरा झाला," रिहाब म्हणाली. "दोन राहिलेत."

कुणी हललं नाही. तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली: तिजानीवरून, पत्तेवाल्यांवरून, बाबांवरून. काल-परवापर्यंत ही तिची माणसं होती. कॉफीच्या किटलीतून वाफ येत होती, आणि तिजानीने, सवयीने, बाजूच्या पेल्यात कॉफी ओतली.

मग तिने रिकामी टोपली गाडीत टाकली आणि गाडी काठाकडे वळवली. पाण्यात उतरून ती चालू लागली. वाटेत निळ्या चिंधीची मडकी लागली. एकाच्या तोंडाशी ऑक्टोपस बसला होता, गुबगुबीत, डोळे उघडे. एक लाथ पुरली असती. पण ती वळसा घालून गेली. ती मडकी दुसऱ्याची होती.

दुसऱ्या पिंजऱ्यापाशी तिने रुमाल घट्ट केला, बाह्या कोपरावर सरकवल्या, आणि हात आत घातले.