ट्रंपेटवाल्याचा कडक ब्रश

मित्रांनो, माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका. मी दात घासायचा एक जुना ब्रश आहे. माझे केस आता चारी दिशांना फिसकारले आहेत, पण दुकानात मी ताठ उभा होतो. पाकिटावर ‘कडक’ असे लिहिले होते, म्हणून तर मालकांनी मला निवडले.

मालक बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. सकाळी ते ट्रंपेटचे पितळ घासून लखलखीत करायचे आणि मग त्याच जोराने मला दातांवर आडवे चालवायचे.

“अहो, ते तोंड आहे, भांडं नव्हे,” मालकीणबाई म्हणायच्या.

“चमकलं पाहिजे,” मालक फेसातून उत्तर द्यायचे.

रात्री मात्र मी कोरडाच. गोड चहा पिऊन ते तसेच झोपायचे.

हळूहळू हिरड्या वर सरकल्या. एके दिवशी माझे केस लाल झाले आणि मालक घाबरले. ट्रंपेट ओठांवर टेकते आणि ओठांना आधार पुढच्या दातांचा. ते दात जपायचे म्हणून त्यांनी मला तिथे फिरवणेच बंद केले. नुसत्या मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या. “जखमेला हात लावू नये,” असे ते म्हणत.

मी पेल्यात उभा राहून पाहत होतो. दातांच्या मुळाशी पिवळे कीटण चढले. वासामुळे त्यांची मुलगी त्यांच्याशी तोंड वळवून बोलू लागली. एकदा बँडमास्तर घरी येऊन म्हणाले, “सूर फाटतोय तुझा. ट्रंपेटला सर्दी झालीय का रे?” मालक हसले नाहीत. दात हलत होते.

मालकीणबाईंनी मलाही पिशवीत घातले आणि त्यांना दवाखान्यात नेले.

“रक्त आलं म्हणून घासणं सोडलंत?” डॉक्टरीणबाईंनी विचारले.

“मग काय, जखमेवर घासू?”

“काका, साचलेल्या घाणीनेच हिरडी सुजते. अभ्यासात पुन्हा पुन्हा हेच दिसलंय. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, सकाळी आणि झोपण्यापूर्वी घासलं, फटी साफ ठेवल्या, तर असं रक्त बहुतेकदा थांबतं. नाहीच थांबलं तर लगेच यायचं.”

“पुढचे राहतील ना? मागचे घ्या हवे तर.”

डॉक्टरीणबाईंनी पुढचा एक दात बोटाने हलवून पाहिला.

पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण ट्रंपेट टेकवले की ती सरकते. मालक आता बँडच्या मागच्या रांगेत झांजा वाजवतात. मी नळाच्या खाचा घासतो. माझी जागा खरे तर तिथेच होती.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आले तर घाबरून घासणे सोडू नका. जोरही लावू नका. माझ्यासारखा फिसकारलेला ब्रश वापरत बसू नका, आणि दात हलण्याची वाट तर मुळीच पाहू नका.

काल झोपण्यापूर्वी मुलगी बेसिनपाशी मऊ ब्रशने दात घासत होती. मालक शेजारी उभे होते.

“बाबा, तुम्ही परत ट्रंपेट कधी वाजवणार?”

मालकांनी नळ बारीक केला.

“मागच्या दाढा राहिल्यात तुझ्या,” ते म्हणाले. “हळू घास.”