सैल झालेलं सँपल

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. जुना म्हणजे वापरून जुना नव्हे, दाखवून दाखवून जुना. आणि खरं सांगायचं तर मी फार थकलो आहे. तरीही तुम्ही ऐकायला बसला आहात, तर सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. ठोकाठोक, घासाघीस, पाण्याचे फवारे आणि माझ्यासारख्याच भावंडांचा ढीग. मला शिसवी रंगाची लाकडी मूठ मिळाली आणि पात्यावर अंगठ्याने ढकलायला एक लहानशी खुंटी मिळाली. मग पुठ्ठ्याच्या खोक्यातून आम्ही सगळे नाशिकला आलो, रविवार कारंजाजवळच्या खाजाभाईंच्या दुकानात. तिथे कुलपं, कात्र्या, अडकित्ते, नेलकटर आणि चाकू मिळत.

खाजाभाईंनी खोकं उघडलं, वरचाच एक चाकू उचलला आणि काचेच्या काउंटरवर ठेवला. "हा राहू दे सँपलला," ते म्हणाले. तो मी. वर होतो एवढंच माझं कर्तृत्व.

तुम्ही मुलं एखाद्या विचित्र माणसाला "काय सँपल आहे रे!" म्हणता ना? माझं तर नावच ते पडलं. गिऱ्हाईक आलं की खाजाभाई ओरडत, "सँपल बघा, सँपल!" मग मला उघडायचं, मिटायचं. वर्तमानपत्राची पट्टी माझ्यावरून ओढायची. पट्टी सपकन दुभंगली की गिऱ्हाईक म्हणे, "वा! याला म्हणतात धार!" द्राक्षबागेवाले येत, गाडी चालवणारे येत, पोरंटोरं नुसती मला उघडून-मिटून जात. माझी तारीफ झाली की खाजाभाई खाली वाकत, खोक्यातला कोराकरकरीत भाऊ काढत आणि गिऱ्हाइकाच्या हातात देत. वाहवा माझी आणि विक्री दुसऱ्याची. भाऊ सटाण्याला गेले, सायखेड्याला गेले, कुठे कुठे कामाला लागले. मी तिथेच होतो, उघड-मीट करत.

एवढ्या उघड-मिटीने सांधा खिळखिळा होणारच. माझं पातं पार सैल झालं. उघडल्यावर धरून ठेवणारी खटकी तेवढी शाबूत होती. पुढेपुढे खाजाभाईसुद्धा मला सँपल म्हणून दाखवेनासे झाले. मी पार्सलच्या सुतळ्या कापू लागलो. काचेवर धूळ बसे, माझ्यावरही बसे. वाईट वाटायचं, पण वाईट वाटून घेण्याचाही एक थकवा असतो, तो मला आला होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी चैतालीबाई दुकानात आल्या. त्या सायखेड्याकडच्या एका शाळेत शिकवतात, राहतात इंदिरानगरमध्ये. अर्थात हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की, या बाईंनी आपला उजवा हात पदरात गुंडाळून घेतला आहे.

"खिशात राहील असा चाकू दाखवा," त्या म्हणाल्या.

खाजाभाईंनी दाखवला. बाईंनी तो डाव्या हातात घेतला आणि डाव्याच अंगठ्याने उघडू लागल्या. तो काही उघडेना. दुसरा दाखवला, तोही उघडेना. मग लाल मुठीचा, कात्री आणि करवतसुद्धा असलेला महागडा चाकू आला. त्याने तर दाद दिली नाही ती नाहीच. काउंटरवर चाकूंची रांग लागली आणि बाईंच्या कपाळावर घाम आला.

"ताई, उजव्या हाताला लागलंय का?" खाजाभाईंनी विचारलं.

"नाही. तुम्ही दाखवत राहा."

दाखवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची नजर माझ्यावर पडली. मी सुतळीच्या गुंड्याशेजारी पडलो होतो. त्यांनी मला उचललं, डावा अंगठा खुंटीवर ठेवला आणि मी 'टक' करून उघडलो. त्यांनी खटकी दाबून, मांडीवर टेकवून मला मिटलं. पुन्हा उघडलं. मग म्हणाल्या, "हा द्या."

खाजाभाई चपापले. "हा नाही ताई, हा सँपल आहे. लई ढिला झालाय. ह्याच्याच जोडीचा नवा देतो ना."

"नवा नको. हाच."

"अहो, दाखवायचा माल गिऱ्हाइकाला कसा देऊ? कुणासाठी घेताय?"

"मिस्टरांसाठी. आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे."

"मग तर नवाच न्या! बायकोने ढिला चाकू दिला तर भाईसाब मला शिव्या घालतील."

 बाई पदरातला हात काढत म्हणाल्या, "त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. पाय सुधारला, हात उचलत नाही. त्यांना डाव्याने उघडेल असा हवाय."

 खाजाभाईंनी स्वतः मला डाव्या हाताने उघडून पाहिलं. मग फडक्याने पुसलं, सांध्यात तेलाचा थेंब सोडला आणि माझ्यासाठी एक चांगली डबी शोधली. "खोलून खोलून आम्ही ह्याची वाट लावली म्हणत होतो," ते एवढंच म्हणाले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच निवडलं होतं. आनंद झालाच. पण तो उड्या मारण्याइतका नव्हता, बसायला जागा मिळाल्यासारखा होता.

बाईंच्या घरी त्यांच्या सासूबाई होत्या, अक्काबाई. पांढरं लुगडं नेसून दर पौर्णिमेला विहारात जाणाऱ्या. डबी उघडल्याबरोबर त्या मागे सरकल्या.

"मी भूतखेत, नवस-बिवस काय मानत नाय," त्या म्हणाल्या. "पण चाकू कुनी देनगी देतं का? आन् देतीयास तर हातात देऊ नको बरं. मिरची, मीठ आन् चाकू हातात दिला की भांडनं लागत्यात."

"बरं आई, हातात नाही देत," बाई म्हणाल्या आणि का कोण जाणे, हसल्या.

भूषणभाऊ बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसले होते. पूर्ण नाव बुद्धभूषण. नावाजलेले वायरमन. अर्ध्या इंदिरानगरची वायरिंग त्यांनी केलेली. पण वारं गेल्यापासून त्यांनी घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तुम्हाला सांगतो, त्या घरात त्यांना सगळं हातात मिळत होतं. पाण्याचा पेला हातात, गोळ्या हातात, टॉवेल हातात, रिमोट हातात. प्रेमानेच देत होते सगळे, पण त्यामुळे भाऊंचा डावा हातही हळूहळू उजव्यासारखाच होत चालला होता.

बाईंनी मला टीपॉयवर ठेवलं. "अहो, तुमच्यासाठी आणलाय. आई म्हणतात हातात द्यायचा नाही. तेव्हा तुम्हीच उचला."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "चाकू? मला? एका हाताने काय कापू, केक?" आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बाईंनी काही समजावून सांगितलं नाही. हा एका हाताने उघडतो असं म्हटलं असतं, तर भाऊ म्हणाले असते, लंगड्या-पांगळ्यांची वस्तू आणलीस का माझ्यासाठी! भाऊंचा स्वभाव बाईंना ठाऊक होता.

झालं. दुकानातल्या काचेवरून मी टीपॉयच्या काचेवर आलो. वर्तमानपत्र येई आणि जाई, पेले येत आणि जात. अक्काबाई टीपॉय पुसायच्या तेव्हा माझ्याभोवतीने फडकं फिरवायच्या, पण मला शिवायच्या नाहीत. भाऊ माझ्या पलीकडे हात घालून रिमोट घ्यायचे. मनात म्हटलं, सँपलच्या नशिबात दुसरं काय असणार! मला राग येण्याइतकीही ताकद उरली नव्हती.

एके दिवशी स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं.

"रजा सगळी संपली, आई. आता शाळा उघडेल. यांना दिवसभर एकटं कसं सोडू? मी नोकरी सोडते म्हणून सांगून येते."

"सोडू नको गं. मी हाय ना."

"तुमचे गुडघे तुम्हाला उठू देतात का? साधा चहा हवा असला तरी यांना कुणीतरी लागतं."

भाऊंनी हे ऐकलं. त्यांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसले. मला त्यांची फार कीव आली. बायकोची नोकरी आपल्यापायी जाणार आणि आपल्याला चहासुद्धा करता येत नाही, हे त्यांना खात होतं. पण उठायचं कसं, तेच त्यांना सुचत नव्हतं.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळीच सायखेड्याच्या गाडीने गेल्या. जाताना थर्मासमध्ये दोघांचा चहा भरून ठेवला. अक्काबाईंनी दुपारी दोघांचाही पिऊन टाकला आणि पदर तोंडावर घेऊन झोपल्या.

भाऊंना चहाची तलफ आली. थर्मास हलवून पाहिला, रिकामा. ते स्वयंपाकघरात गेले. फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग थोडा वेळ शांतता, आणि मग फटकन काहीतरी फुटलं. दुधाची पिशवी त्यांनी दातांनी फाडायला घेतली होती. सगळं दूध बनियनवर, ओट्यावर, फरशीवर. मग मला रडण्याचा आवाज आला. मोठा माणूस एकटा असतो तेव्हा कसा रडतो, ते मी पहिल्यांदाच ऐकलं. ऐकवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. बनियन ओली, डाव्या हातात दुसरी पिशवी. टीपॉयपुढे उभे राहिले. पिशवी टीपॉयवर ठेवली आणि मला उचललं. उघडणार नाहीच अशा खात्रीनेच त्यांनी अंगठा लावला असावा.

टक.

ते दचकले. मांडीवर टेकवून मला मिटलं. पुन्हा टक. पुन्हा मिटलं. काउंटरवरच्या रिकामटेकड्या पोरांसारखे ते मला उघडत-मिटत राहिले, आणि मित्रांनो, त्या उघड-मिटीचा मला पहिल्यांदाच त्रास झाला नाही. मग त्यांनी पिशवीचा कोपरा कापला. थोडं दूध टीपॉयवर सांडलं, त्याचं त्यांना हसू आलं.

चहाच्या वासाने अक्काबाई जाग्या झाल्या. "चैताली आली का रं?"

"नाही. मी केलाय."

अक्काबाईंनी कप हातात घेतला, एक घोट प्याल्या. "साखर लय झाली," म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

संध्याकाळी बाई परतल्या तेव्हा भाऊंनी मला दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं होतं आणि डाव्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. किती तरी महिन्यांनी त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली होती.

"चाकू चांगला आहे," ते बाईंकडे न बघताच म्हणाले. "पण दुकानदाराने तुला फसवलं. सैल दिलाय. आवळतो."

"हात लावू नका त्या स्क्रूला!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की पर्स खाली पडली.

"बगा! लागलं का भांडान!" अक्काबाई आतून म्हणाल्या.

बाई भाऊंच्या समोर खाली बसल्या. "तो सैल आहे म्हणूनच घेतलाय. नवा एकही डाव्या हाताने उघडला नाही. मी सगळे उघडून बघितले." मग म्हणाल्या, "महिनाभर मी स्वयंपाकघरात एकेक गोष्ट डाव्या हाताने करून बघत होते. तुम्हाला काय जमेल, काय नाही, ते कळायला. ब्रशवर पेस्ट घेता येते. शर्टाची बटणं लागतात, वेळ जातो पण लागतात. गॅस पेटतो. चहा गाळता येतो. दुधाची पिशवी तेवढी दर वेळी फुटायची."

"तरी म्हनलं," अक्काबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, "रोज दूध कसं सांडतंय! मला वाटलं, पोरीचं ध्यान ठिकान्यावर नाय."

भाऊंनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खूप वेळ ते बाईंच्या डाव्या हाताकडे बघत राहिले.  शेवटी म्हणाले, "शाळेत काय सांगून आलीस?"

"नोकरी सोडते म्हणाले. हेडसर म्हणाले, घरी विचारून सोमवारी सांगा."

"मग सोमवारी डबा घेऊनच जा. वर्गावर."

बाई तिथेच फरशीवर बसून रडल्या. भाऊंनी डाव्या हाताने त्यांची पर्स उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

मित्रांनो, आता मी भाऊंच्या खिशात असतो. पिशव्या फोडतो, पेरू कापतो, शेजाऱ्यांच्या वायरींची साल काढतो. थकवा गेलेला नाही, सांधे तेव्हाही वाजत होते, आताही वाजतात. माझी काळजी घ्यायची तर काम झाल्यावर पुसून कोरडा ठेवा, अधूनमधून तेलाचा थेंब द्या, दगडावर फार घासू नका. तुमच्याही घरात कुणीतरी माझ्यासारखंच सैल झालेलं असेल. त्याला आवळून सरळ करायची तुम्हाला घाई होईल. तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी घरात एकदा विचारून घ्या.