आठ खोल्यांची मालकीण

विजयमालेला आपल्या धाकट्या जावेचं सुख बघवत नव्हतं, आणि धाकटी जाऊ तर नवऱ्याचा मार असह्य होऊन घर सोडून गेलेली होती. यात सुख कसलं, असं कुणीही विचारील. विजयमालेला विचारलं असतं तर तिने तासभर सांगितलं असतं.

कोर्टाने या जावेला, शेफालीला, आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, स्वरालीला, महिना बारा हजार रुपये पोटगी बांधून दिली होती. नवऱ्याच्या, ऋषीच्या, पगारातून ती थेट शेफालीच्या खात्यात जाई. त्यातून ती काय आणते, कुठे उधळते, हे विचारायला तिच्या घरात माणूसच नव्हतं. इकडे पुण्याजवळच्या मांजरी गावात विजयमाला सोळा वर्षं नांदत होती, दोन्ही वेळेला सात माणसांच्या भाकऱ्या थापत होती आणि भाजीला मिळालेल्या शंभरातले उरलेले बारा रुपये सासूच्या हातावर परत ठेवत होती. नांदणारीने बारा रुपये परत द्यायचे आणि गेलेलीला बारा हजार घरपोच, हा कुठला न्याय? तिचा जीव जळायचा, आणि ती तो खुशाल जळू द्यायची.

शेफालीचं व्हॉट्सॲप स्टेटस ती दिवसातून चारदा बघे. स्वतःच्या फोनवरून बघितलं तर शेफालीला कळेल, म्हणून सासूच्या फोनवरून. त्यामुळे सासूला, सोजरबाईंना, नातीची फार आठवण येते, असा शेफालीचा उगाचच समज झाला होता. स्टेटसवर काय, तर सारसबागेतली भेळ, स्वारगेटजवळच्या भाड्याच्या खोलीला लावलेला नवा पडदा, आणि एके दिवशी खांद्यापर्यंत कापलेले केस. ते केस बघून विजयमालेने आमटीत दोनदा मीठ घातलं.

यंदा स्वरालीच्या शाळेसाठी शेफालीने पोटगी वाढवून मागितली आणि घरात खलबतं सुरू झाली. ऋषीचा खराडीच्या कंपनीतला पगार कोर्टाला माहीत होता, पण चाळीचं भाडं माहीत नव्हतं. उसाचं रान बिल्डरला दिलं तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे सर्जेरावांनी, ऋषीच्या नावे आठ खोल्या बांधल्या होत्या. आता त्या कागदावरून हलवायला हव्यात. थोरल्या रविराजच्या, म्हणजे विजयमालेच्या नवऱ्याच्या नावावर कराव्यात, तर त्याच्या थकलेल्या कर्जापायी पतसंस्थेचे लोक टपून बसलेले.

"थोरल्या सुनेच्या नावावर टाका," सर्जेराव शेवटी म्हणाले. "गरीब गाय हाय. तोंड वर करून बोलायची न्हाई."

हे ते तिच्या समोरच म्हणाले. तिने त्यांना चहा दिला.

रजिस्टर ऑफिसात तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, बक्षीसपत्र झालं आणि विजयमाला आठ खोल्यांची मालकीण झाली. परतताना सासूने गाडीतून उतरवून तिला कोथिंबीर आणायला पाठवलं. भाडं मात्र ऋषीच नेत राहिला, दर पहिल्या तारखेला, रोख.

मग शेफालीच्या वकीलबाईंना बक्षीसपत्राचा सुगावा लागला. हा बनाव आहे, असं त्यांनी कोर्टात म्हटलं आणि विजयमालेची साक्ष लागली. ऋषीच्या वकिलांनी तिला पढवलं, "खोल्या माझ्या, भाडं मी घेते. एवढंच म्हणायचं, वहिनी." विजयमाला आनंदाने तयार झाली. खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण शेफालीसमोर एकदा, एकदाच, पैसेवाली म्हणून उभं राहायचं होतं. तिने ठेवणीतली मोरपंखी साडी काढली.

शिवाजीनगरच्या कोर्टात शेफाली समोरच्या बाकावर बसली होती. केस कापलेलेच.

"खोल्या आपल्या?" वकीलबाईंनी विचारलं.

"माझ्याच."

"भाडं किती येतं?"

"छत्तीस हजार," विजयमालेने शेफालीकडे बघत सांगितलं. शेफालीच्या तिप्पट, हे तिला तिथल्या तिथे सुचलं आणि फार बरं वाटलं.

"ते कोण घेतं?"

"मीच घेते की."

"छान. मग गेल्या महिन्यात त्यातून स्वतःसाठी काय घेतलंत?"

हे कुणी पढवलं नव्हतं. साडी म्हणावं तर ती भावाने भाऊबीजेला दिलेली. सोनं म्हणावं तर पावती मागतील. विजयमाला आठवू लागली आणि तिला धक्काच बसला. खोटं सांगायलासुद्धा काही सुचेना. छत्तीस हजार हातात आले तर आपण काय घेऊ, हा विचार तिने जन्मात केला नव्हता.

"सावकाश आठवा," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

तिने शेफालीकडे पाहिलं. शेफालीनेही त्या घरात पाच वर्षं भाजीचे सुटे पैसे परत दिले होते. तिला सगळं कळलं होतं. तिने हळूच मान खाली घातली. शेफाली हसली असती, चिडली असती, तरी चाललं असतं. पण ती कीव करत होती, आणि ते विजयमालेला सोसलं नाही.

"माझी कीव करू नगंस!" ती ओरडली. "तू सुटलीस, मी न्हाई सुटले! तुझा हेवा वाटतो मला, सगळ्यांम्होरं सांगते! हितं नांदून मला दमडी न्हाई आन् तुला कोर्ट घरात पैसं आणून देतंय! छत्तीस हजारातला एक रुपया मी बघितला न्हाई. ऋषीभाऊजी येत्यात, आठी दारं वाजवत्यात आन् घेऊन जात्यात!"

टाइप करणाऱ्या बाईंची बोटं भराभरा चालत होती. ऋषीच्या वकिलांनी फाईल मिटली.

पिंजऱ्यातून उतरल्यावर विजयमालेच्या ध्यानात आलं, की आपण शेफालीची पोटगी वाढवून ठेवली. जिचं एका रुपयानेही भलं होऊ नये असं वाटत होतं, तिचंच काम फत्ते केलं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

बाहेर शेफाली जवळ आली. "ताई, तुमचे उपकार..."

"उपकार कसलं? तुझ्यासाठी न्हाई बोलले मी," विजयमाला म्हणाली. "आन् ते केस शोभत न्हाईत तुला." शोभत होते, हेच तर दुखणं होतं.

जिन्यापाशी घरची मंडळी उभी होती. "चांगलं पांग फेडलंस!" सोजरबाई म्हणाल्या. ऋषी तिच्याकडे बघतही नव्हता.

"उद्या सकाळी रजिस्टर ऑफिसात चल," सर्जेराव म्हणाले. "खोल्या ऋषीला माघारी लिहून दे. लई झालं तुझं."

वकिलांनी घसा साफ केला. "तसं जबरदस्तीने होत नाही हो. बक्षीसपत्र नोंदवलेलं आहे. मालक त्या आहेत. त्यांनी राजीखुशीने सही केली, तरच."

सगळे विजयमालेकडे बघू लागले. सोळा वर्षांत त्या घरातलं कुणी तिच्या उत्तरासाठी थांबलं नव्हतं. तिने त्यांना थोडं थांबू दिलं.

"बोल की," रविराज म्हणाला. "उद्या येतीस न्हवं?"

"उद्या जमायचं न्हाई," विजयमाला म्हणाली. "उद्या पैली तारीख. मला भाडं गोळा करायचंय."